चांगली बॉडी

मी डॉक्टर आहे, पण माझ्या हातून आजवर एकही माणूस बरा झालेला नाही. लग्नाकार्यात कुणीतरी गुडघा पुढे करतं, कुणी पिशवीतून रिपोर्ट काढतं, आणि मला सांगावं लागतं की मी अ‍ॅनाटॉमीची. गुडघ्यात काय काय असतं ते सांगेन, दुखणं थांबवता येणार नाही. "म्हणजे नुसतं शिकवता?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. हो, नुसतं शिकवलं. तीस-बत्तीस वर्षं, बदली होईल त्या सरकारी कॉलेजात, पहिल्या वर्षाच्या पोरांना माणूस आतून कसा असतो ते दाखवलं.

सर्जन मंडळी उतारवयात आपल्याला झोपू न देणारे पेशंट सांगतात. हा टेबलावरच गेला, ती वाचायला हवी होती. आम्हा अ‍ॅनाटॉमीवाल्यांना तशी टोचणी नसणार असं सगळे धरून चालतात, कारण आमच्याकडे येणारा माणूस आधीच गेलेला असतो. त्याचं आम्ही आणखी काय बिघडवणार? नोकरीत असताना मीही हेच धरून चालले. निवृत्तीनंतर सकाळी घाई नसते, वर्तमानपत्र दोनदा वाचून होतं, आणि मग त्या टेबलांवरची माणसं एकेक करून आठवायला लागतात. चेहऱ्याने नाही आठवत. चेहरा आम्ही शेवटी उघडायचो, तोवर तो ओळखण्यासारखा राहिलेला नसायचा. हातांनी आठवतात.

मी अ‍ॅनाटॉमी निवडली असं म्हटलं तर ते थोडं सजवलेलं होईल. मला स्त्रीरोग हवं होतं, मार्क कमी पडले. नवऱ्याची सर्जरीची रेसिडेन्सी चालू होती, मुलगी सव्वा वर्षाची होती. नाइट ड्युटी नाही, इमर्जन्सी नाही, संध्याकाळी पाचला घर. सगळ्यांनीच "चांगलं आहे की" म्हटलं. सासूबाईंची अट एकच, घरात पाऊल टाकलं की आधी आंघोळ, मग स्वयंपाकघर. मला ती अट जाचली नाही. फॉर्मॅलिनचा वास केसांत बसतो, तो माझा मलाच नको असायचा.

पण विषयाने पुढे धरून ठेवलं, हेही खरं. पहिल्यांदा स्वतः शिकवायला उभी राहिले तेव्हा काखेचं डिसेक्शन होतं. चरबीच्या पिवळ्या गोळ्यांतून बोथट फोर्सेप्सने वाट काढत जायचं, आणि मग हळूहळू ते नसांचं जाळं, ब्रेकियल प्लेक्सस, दिसायला लागतं. मानेतून निघालेल्या पाच मुळांचे तीन दोर झालेले, ते रोहिणीला तीन बाजूंनी बिलगलेले, आणि पुढे फुटलेल्या फांद्यांचा नेमका इंग्रजी 'एम' झालेला. पुस्तकात काढलेला, आणि इथे खराखुरा, बोटाखाली. टेबलाभोवतीच्या पोरांच्या तोंडून "अरे!" निघालं. त्या "अरे!"साठी मी पुढची सगळी वर्षं काढली. त्याबद्दल मला आजही काही वाईट वाटत नाही.

वाईट वाटतं ते तो 'एम' इतका स्वच्छ का दिसला, याचं. तो माणूस उपाशी होता म्हणून.

आमच्या विभागात 'चांगली बॉडी' असा शब्दप्रयोग सर्रास चालायचा. नवीन बॉडी आली की मी टँकरूममध्ये डोकावून विचारायचे, "कशी आहे?" चांगली म्हणजे बारीक. कातडीखाली चरबी नाही, की कापलं की थेट स्नायू, नसा, रक्तवाहिन्या, आकृतीसारख्या. हमालाची असेल तर आणखीच उत्तम. चरबी नाही आणि खांद्याचे, पाठीचे स्नायू पुस्तकापेक्षा ठसठशीत. सुखवस्तू माणसाच्या शरीरात एक शीर शोधायला पोरांची दुपार जाते आणि सगळीकडे तेल सुटतं. तेव्हा फुटपाथवर, एसटी स्टँडवर, धर्मशाळेच्या ओट्यावर ज्यांचा शेवट झाला त्यांच्या देहांनी आम्हाला खूश केलं. मी खूश झाले आहे. "या वर्षी बॉडी फार छान मिळाल्या," असं मी स्टाफरूममध्ये चहा पिताना म्हटलेलं आहे आणि त्यावर कोणीही भुवई उंचावली नाही, कारण ते तांत्रिकदृष्ट्या खरं होतं. फक्त फुप्फुसांची तक्रार असायची. जुन्या टीबीने ती छातीला चिकटलेली असायची, सोडवताना फाटायची. तेव्हा आम्ही "स्पेसिमेन खराब निघालं" म्हणायचो.

हे मी वाईट माणूस होते म्हणून म्हणत होते का? मला तसं वाटत नाही. असं एखादं सवयीचं वाक्य मिळालं की त्याच्या आडोशाला चांगली माणसं आयुष्यभर राहू शकतात, आणि मी राहिले.

दरवर्षी पहिल्या तासाला मी इतिहास सांगायचे. माझा तो तास गाजलेला होता, वरच्या वर्गातली पोरंही मागे येऊन बसायची. सुश्रुतापासून सुरुवात. त्याने सांगितलेली रीत म्हणजे फार म्हातारा नसलेला, दीर्घ आजाराने न गेलेला देह घ्यावा, आतडी स्वच्छ करावीत, मुंज गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात पिंजऱ्यात ठेवावा, आणि सात रात्रींनी कुंचल्याने हळूहळू घासत एकेक थर पाहावा. मग व्हेसॅलियस, 1543. मग 1836 साली कलकत्त्यात मधुसूदन गुप्तांनी रूढी मोडून केलेलं शवविच्छेदन; त्या दिवशी फोर्ट विल्यममधून तोफांची सलामी झाली असं सांगतात, ते मी जरा रंगवूनच सांगायचे. मग हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. हा माझा खास लाडका. 1858 साली निघालेल्या 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'तली चित्रं त्याची. ग्रेला पुस्तकाची रॉयल्टी आणि कीर्ती मिळाली, कार्टरला एकदाच दीडशे पौंड. त्याच वर्षी तो मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी शिकवू लागला, काही वर्षं साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता, पुढे ग्रँटचा प्राचार्य झाला. जगभरच्या डॉक्टरांनी ज्याच्या चित्रांवरून माणूस शिकला तो आपल्या साताऱ्यात राहून गेला, हे ऐकून पोरांची मान ताठ व्हायची.

या सगळ्या गोष्टींत एक माणूस वगळलेला आहे आणि तो वगळूनच मी तो तास वर्षानुवर्षं रंगवला. सुश्रुताच्या पिंजऱ्यात कोण होतं? तोफा ज्याच्यासाठी वाजल्या म्हणतात तो डॉक्टर आपल्याला माहीत आहे. टेबलावर कोण होतं याची कथाच नाही. कार्टरने ज्यांना समोर ठेवून चित्रं काढली ती लंडनच्या वर्कहाउसांतली, दवाखान्यांतली गरीब माणसं, ज्यांना न्यायला कोणी आलं नाही. ब्रिटिश पार्लमेंटने 1832 च्या कायद्याने ती अ‍ॅनाटॉमीवाल्यांच्या हवाली केली होती. त्याआधी, 1828 मध्ये, एडिंबरात बर्क आणि हेअर या दोघांनी सोळा माणसं मारून त्यांचे देह एका अ‍ॅनाटॉमीच्या मास्तरला विकले होते. तसले प्रकार थांबावेत म्हणून हा कायदा आला. खून करून मिळवायची गोष्ट सरकारनेच गरिबांकडून फुकट मिळवून दिली, असं त्याचं रोखठोक वर्णन करता येईल. आपल्याकडे 1949 साली मुंबई प्रांताने जो अ‍ॅनाटॉमीचा कायदा केला त्याचाही गाभा हाच आहे. रुग्णालयात, तुरुंगात किंवा सार्वजनिक ठिकाणी मेलेल्या माणसावर मुदतीत कोणी हक्क सांगितला नाही, तर तो देह शिकवण्यासाठी देता येतो.

नावं राहिली ती कुणाची? व्हेसॅलियसने बासेलमध्ये ज्याचा सांगाडा जोडला त्याचं नाव याकोब कारर. तो सांगाडा बासेलला अजून आहे. त्याचं नाव टिकलं कारण तो गुन्हेगार होता आणि त्याला देहदंड झाला होता. बर्कचाही सांगाडा एडिंबरा विद्यापीठात नावानिशी उभा आहे. म्हणजे अ‍ॅनाटॉमीच्या टेबलावर ओळखीसकट यायचं तर तुमच्या नावावर खटला तरी पाहिजे. नुसतं गरीब असून भागत नाही.

आमच्याकडे अंगठ्याला टॅग असायचा आणि टॅगवर नंबर. पोरं टेबलाच्या नंबरवरून बोलायची, 'चार नंबरचा ब्रेकियल प्लेक्सस मस्त आहे.' हॉलमध्ये एकटे मामाच वेगळं बोलायचे. मामा म्हणजे आमचे हॉल अटेंडंट. मांडीतल्या रोहिणीत एम्बामिंगचं द्रावण सोडणं, बॉडी टँकमध्ये उतरवणं, काढणं, करवतीने कवटी उघडणं, खरं काम सगळं त्यांचं. आम्ही ग्लोव्हज घालून शेवटी नसा दाखवायला जायचो. मामांच्या ग्लोव्हजची मागणी स्टोअरमध्ये वर्ष वर्ष पडून राहायची. फॉर्मॅलिनने कॅन्सर होऊ शकतो असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये जाहीर केलं, तोवर मामांचा निम्मा जन्म त्या टँकवर वाकण्यात गेला होता. तर हे मामा बॉडी कुशीवर वळवताना पुटपुटायचे, "चल बाबा, जरा सरक," आणि बाई असेल तर, "माई, हात दे." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. मी डेमॉन्स्ट्रेटर होते, नवी होते, आणि विज्ञान म्हणजे असं काही न बोलणं, अशी माझी समजूत होती.

एका वर्षी दोन नंबरच्या टेबलावर साठीच्या आसपासची बाई होती. हाताचं डिसेक्शन कोपराखाली आलं. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, इथे काहीतरी लिहिलंय." फॉर्मॅलिनने कातडी काळपट, चामड्यासारखी झाली होती, तरी गोंदणाची हिरवी शाई तशीच होती. तुळशीवृंदावन, बाजूला दोन टिंबं आणि खाली चार अक्षरांचं नाव. देवनागरीत, जत्रेत गोंदणारी बाई काढते तसं, वेलांटी जरा जास्तच लांब. ते नाव मी इथे लिहीत नाही. तिचं होतं, नवऱ्याचं की भावाचं, तेही सांगता येणार नाही. हाताच्या मधोमध मनगटापर्यंत उभी चीर घ्यायची असते आणि ती बरोबर त्या अक्षरांतून जात होती. टेबलाभोवतीची दहाही पोरं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "चीर जरा बाहेरच्या बाजूने घ्या." त्यांनी घेतली. नाव न कापता कातडी एका बाजूला उलटवली, खालचे स्नायू दिसले, मी ते एकेक करून सांगितले, तास संपला. त्या दिवशी मला आपण काहीतरी बरं केलं असं वाटत होतं. फार तर एक सेंटिमीटर इतकी ती माणुसकी होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये जाऊन मी तिचे कागद काढले. वाटलं होतं, पोलिसांच्या नजरेतून गोंदण सुटलं असेल आणि आपण कळवलं तर कुणीतरी सापडेल. पंचनाम्यात ओळखीच्या खुणांत ते नाव व्यवस्थित लिहिलेलं होतं. म्हणजे नाव पहिल्यापासून होतं. रेल्वे स्टेशनवर सापडली, सिव्हिलला गेली, मुदत संपली, आमच्याकडे आली, आणि या सगळ्या प्रवासात ते नाव तिच्याबरोबर कागदावर आणि कातडीवर दोन्हीकडे होतं. कोणी आलं नाही इतकंच. यात दोष कुणाचा काढणार? पण मला आजही प्रश्न पडतो तो वेगळाच. नाव वाचल्यावरही आम्ही वर्षभर तिला 'दोन नंबर'च म्हणत राहिलो. मीसुद्धा. नाव कळल्याने काही बदलणार नव्हतं, आणि बदलू नये याची आम्हीच काळजी घेत होतो.

मग देहदानाचे देह यायला लागले. आधी वर्षाकाठी एखादा, मग चळवळ वाढली, संस्था झाल्या, पेपरात बातम्या यायला लागल्या. 2010 च्या जानेवारीत ज्योती बसूंचा आणि पुढच्याच महिन्यात नानाजी देशमुखांचा देह वैद्यकीय शिक्षणासाठी दिला गेला. एक कम्युनिस्ट, एक संघाचा, आणि दोघेही आमच्या टेबलावर. मला तर ही त्या वर्षातली सगळ्यात चांगली बातमी वाटली होती. आमच्या कॉलेजातही निवृत्त शिक्षक, पोस्टमास्तर, एक संस्कृतच्या बाई अशी माणसं स्वतःच्या सहीने यायला लागली. ती 'चांगली बॉडी' नव्हती. वयस्क, स्थूल, हृदयात स्टेंट, गुडघ्यात धातू. पण त्यांच्याबरोबर मुलं, सुना, नातवंडं यायची, आणि आमच्या अंगात एकदम रीतभात यायची. अधिष्ठाता खाली उतरायचे. हार आणला जायचा. मी साडी नेसून जायचे आणि हात जोडून दोन शब्द बोलायचे. त्याच तासाला मागच्या दाराने पोलिसांच्या गाडीतून दुसरा देह आला तर मामा एकटेच सही करून घ्यायचे.

हा फरक शेवटच्या टप्प्यापर्यंत पुरायचा. प्रत्येक टेबलाखाली बादली असते. कापताना निघालेलं सगळं तिच्यात जातं. देहदात्याच्या घरच्यांनी एकदा विचारलं, वर्षाअखेर राख मिळेल का? तेव्हापासून त्या टेबलाच्या बादलीला झाकण आलं, चिठ्ठी आली, ती वेगळी ठेवली जाऊ लागली. बाकीच्या टेबलांचं एकत्र. 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे माणसाच्या शरीराचे भाग पिवळ्या पिशवीत घालायचे असतात. नियम म्हणून तो योग्यच आहे. पण त्या माणसांत कोण पुरण्याच्या धर्मातलं होतं आणि कोण जाळण्याच्या, हे विचारायला कोणी नव्हतं, म्हणून आम्हीही विचारलं नाही.

2019 साली नवा अभ्यासक्रम आला आणि त्याच्याबरोबर कॅडॅव्हरची शपथ आली. पहिल्या दिवशी पांढरे एप्रन घातलेली दोनशे मुलं हात पुढे करून म्हणतात, हा देह माझा पहिला गुरू, मी त्याचा मान राखीन. बघायला फार सुरेख असतं, फोटो लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर जातात. मी तो कार्यक्रम उत्साहाने बसवला. मनातल्या मनात मात्र मला ते थोडं सोयीचंही वाटायचं. गुरूने शिष्य पत्करायचा असतो ना? या गुरूला आम्ही न विचारता आणून बसवलेलं. त्याला आदराने नमस्कार केला की विचारायचं राहून गेल्याचं लक्षात येत नाही. शपथ नको असं मी म्हणत नाही. नसण्यापेक्षा बरी. काही मुलं खरंच त्या दिवसापासून टेबलाशी हळू बोलायची.

व्हिएन्नातल्या पेर्नकोप्फ नावाच्या अ‍ॅनाटॉमिस्टचा एक अ‍ॅटलास आहे. इतकी जिवंत चित्रं दुसरीकडे नाहीत. तो नाझी होता, आणि 1998 मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाने केलेल्या चौकशीत निघालं की त्या काळात फाशी-गिलोटीन झालेल्या किमान 1,377 लोकांचे देह त्या संस्थेत आले होते. मी हे वर्गात सांगायचे तेव्हा आवाज चढायचा. दुसऱ्याच्या पापावर बोलताना माझा आवाज नेहमीच चांगला लागतो. आमचं त्यांच्यासारखं नव्हतं, हे नक्की; आम्ही कुणाला मारलं नाही, मारणाऱ्याकडून घेतलं नाही. पण 'संमती' हा शब्द त्या तासाला मी जितक्या जोरात उच्चारायचे तितक्या जोराने तो आपल्या हॉलच्या भिंतींना ऐकू जाऊ नये, असंही कुठेतरी वाटायचं. 2012 मध्ये अ‍ॅनाटॉमिस्टांच्या जागतिक महासंघाने स्पष्ट शिफारस केली की देह फक्त स्वेच्छेने दिलेलेच घ्यावेत. आम्ही विभागात त्यावर चर्चा केली. चर्चा चांगली झाली.

आता अण्णांबद्दल लिहायला हवं. ते टाळून हे सगळं लिहिणं म्हणजे पुन्हा तो इतिहासाचा तासच झाला.

माझे वडील हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे. कुठल्याशा व्याख्यानाला गेले आणि देहदानाचा फॉर्म भरून आले. मला विचारलं नाही, सांगितलंही नाही. झेरॉक्स एलआयसीच्या फायलीत ठेवून दिली. गेले तेव्हा भावाचा फोन आला, "ताई, फॉर्म सापडलाय. तुझंच कॉलेज सगळ्यात जवळ आहे." मी एका क्षणात म्हटलं, "माझ्याकडे नको." वर्गमैत्रिणीला फोन लावला; ती चार तासांवरच्या कॉलेजात होती. अण्णा रात्रीतून अ‍ॅम्ब्युलन्सने तिथे गेले. भावाला मी कारण सांगितलं की माझ्या विद्यार्थ्यांना अवघडल्यासारखं होईल. त्याने मान डोलावली. कारण पटण्यासारखंच होतं.

खरं कारण मला तेव्हाच माहीत होतं. आमच्या हॉलमध्ये काय चालतं ते मला माहीत होतं. वाईट काही नाही. कुणी थट्टा करत नाही, निदान मोठ्याने नाही. पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भीड चेपते. कनिंगहॅमचं डिसेक्शनचं मॅन्युअल ठेवायला जागा नसते, मग ते देहाच्या पोटावर उघडं ठेवलं जातं. मांडीवर कोपर टेकून मुलं मेसच्या जेवणाबद्दल बोलतात. कुणीतरी फोर्सेप्स पोकळ झालेल्या छातीत ठेवून विसरतं. मी स्वतः पोटावर पुस्तक ठेवून शिकवलेलं आहे, कितीदा तरी, आणि त्यात काही चुकतंय असं मला एकदाही वाटलं नव्हतं. ते अण्णांच्या पोटावर ठेवलं जाईल, एवढं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मी त्यांना चार तास लांब पाठवलं. तिथेही पुस्तक पोटावरच ठेवत असणार. फक्त मी बघणार नव्हते.

एम्बाम केलेला देह लगेच वापरत नाहीत. कधी वर्ष जातं, कधी जास्त. म्हणजे त्यांचा नंबर कोणत्या बॅचला लागला हे मैत्रिणीला एक फोन करून कळलं असतं. केला नाही. पण आमचं वेळापत्रक सगळीकडे साधारण सारखंच असतं, आणि पुढची दोन वर्षं मी ज्या दिवशी जो भाग शिकवत असे, त्या दिवशी तिकडेही तोच चालू असणार हे मला ठाऊक असायचं. हृदयाच्या तासाला मी एकदा मध्येच थांबले, पाणी प्यायले, पुढे शिकवलं. त्या कॉलेजात एक्स्टर्नल परीक्षक म्हणून नाव आलं तेव्हा तब्येतीचं कारण सांगून टाळलं.

अण्णांच्या देहाची मी इतकी काळजी केली, तीही लांबून. मग टेबलावरच्या बाकीच्यांची? त्यांना लांब पाठवणारं कोणी नव्हतं, हाच त्यांच्या आणि अण्णांच्या देहातला फरक होता. अ‍ॅनाटॉमीच्या दृष्टीने दुसरा कुठलाही नाही.

बाकी आरोपांवर मी स्वतःला फारसं झोडपत नाही. व्हायव्हात कडक होते, पोरं घाबरायची, बहुतेकांना त्याचा फायदाच झाला. इन्स्पेक्शनच्या दिवशी दुसऱ्या कॉलेजांतून माणसं आणून खुर्च्या भरल्या जाताना पाहिल्या आणि गप्प बसले. त्याबद्दल लाज आहे, पण ती सगळ्यांबरोबर वाटून घेतलेली लाज आहे, तिचं ओझं हलकं असतं. आमच्या वेळी पहिलं वर्ष दीड वर्षाचं असायचं, 1997 च्या नियमांनी ते एका वर्षावर आणलं. विषय घाईत उरकला गेला, त्यात माझा हात नव्हता.

माझा स्वतःचा फॉर्म भरलेला आहे, असं लोकांना सांगितलं की ते भारावतात. भारावण्यासारखं काही नाही. मला सभागृहात बसवून, चहा देऊन विचारलं गेलं, मी विचार केला, चष्मा लावून सही केली. माझ्या देहाने त्या टेबलांची फेड होईल असं मला वाटत नाही. विचारून घेतलेल्याने न विचारता घेतलेल्याची भरपाई कशी व्हायची?

तर मग बेवारस देह घेऊच नयेत, असं मी ठामपणे म्हणायला हवं. इथपर्यंत आल्यावर तेच सरळ दिसतं. पण गेल्या महिन्यात माझ्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. ती आता एका नव्या कॉलेजात विभागप्रमुख आहे. जिल्हा मागासलेला, देहदानाचा फॉर्म भरणारं अजून कोणी नाही, जागा दीडशे, टेबलावर फक्त तीन जुने देह, तेही वाळत चाललेले. टचस्क्रीनचं डिजिटल टेबल आलंय, त्यावर पोरं बोट फिरवतात आणि नस हाताला कशी लागते ते त्यांना कळत नाही. पोलिसांचं पत्र आलंय, दोन अनोळखी पुरुष, मुदत संपलेली. "मॅडम, घेऊ का?"

मला वर लिहिलेलं सगळं माहीत होतं. मी म्हटलं, "घे."

पाच वर्षांनी कुठल्या तरी ग्रामीण रुग्णालयात तिच्या पोरांतलंच कुणीतरी मध्यरात्री छातीत नळी घालणार आहे, आणि ज्याच्या छातीत घालणार तोही बहुधा गरीबच असणार, हा हिशेब मी तिला सांगितला नाही. तो तिला येतो. तो खरा आहे, आणि तरी त्याने मला सुटल्यासारखं वाटत नाही. मग मी तिला म्हटलं, पंचनाम्याची पूर्ण प्रत माग, खुणांसकट. ती ऑफिसात नको, विभागात ठेव. पहिल्या दिवशी शपथेच्या आधी मुलांना वाचून दाखव, जेवढं असेल तेवढं. कुठे सापडले, अंगावर काय होतं. प्रत्येक टेबलाची बादली वेगळी, झाकण सगळ्यांना. आणि पुस्तकासाठी स्टँड कर, सुताराकडून करून घे, बजेटमध्ये बसत नसेल तर मी पैसे पाठवते.

"स्टँड कशाला, मॅडम?" तिने विचारलं. तीही माझ्याच हॉलमध्ये शिकलेली.

मी सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, बघते, सहा लागतील. पोलिसांच्या पत्राला संध्याकाळच्या आत उत्तर द्यायचं होतं, ते टाइप करायला तिने फोन ठेवला.